पाट, भ्रतार आणि माहेर : अनेक विवाह झालेल्या पूर्वज-स्त्रियांचा शोध
(परभणी जिल्ह्याच्या दप्तराच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी कुळवृत्तान्तांची जी परंपरा विसाव्या शतकात रूढ झाली, तिच्यात पुरुषाच्या नावापुढे प्रथम पत्नी, द्वितीय पत्नी, क्वचित तृतीय पत्नी असे उल्लेख येतात. स्त्रीच्या नावापुढे प्रथम पती, द्वितीय पती असा रकाना सहसा नसतो. ह्याचे कारण उघड आहे. कुळवृत्तान्ताचा साचा प्रथम ज्या ज्ञातींनी घडविला, त्यांत विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता नव्हती; म्हणून एका स्त्रीचे नाव वंशवृक्षात एकाच ठिकाणी यावे हे त्या साच्यात गृहीतच होते. हाच साचा पुढे शेतकरी, कारागीर व बलुतेदार ज्ञातींच्या वंशावळींसाठी जसाच्या तसा उचलण्यात आला. ह्या ज्ञातींपैकी बहुतेकांत विधवेचा, तसेच काडीमोड झालेल्या स्त्रीचा पुनर्विवाह रूढीने मान्य होता. परिणाम असा होतो, की जी स्त्री दोन वा तीन घरे नांदली, ती ह्या वंशवृक्षांत एक तर दोन निरनिराळ्या स्त्रिया म्हणून उभी राहते, किंवा मुळीच उभी राहत नाही.

हा प्रश्न आज केवळ हौशी वंशशोधकांचा राहिलेला नाही. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखालील समिती २०२३ साली नेमली गेल्यापासून मराठवाड्यातील निजामकालीन दप्तर कुणबी नोंदींसाठी चाळले गेले, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार मान्य केल्यावर परभणीसारख्या जिल्ह्यात घरोघर वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या. जातीच्या दाखल्यासाठी लागणारी वंशावळ पितृपरंपरेने मोजली जाते. अशा वेळी पूर्वज-स्त्रीचा दुसरा विवाह लक्षात न घेतल्यास जन्मदाता पिता आणि पालक पिता ह्यांची गल्लत होते. एका घराची वंशावळ चुकीच्या मुळाशी जोडली जाते आणि दुसऱ्या घराचा खरा वारस तिच्यातून गळतो.

प्रस्तुत लेखात ह्या शोधाची एक रीत मांडावयाची आहे. तिचे सूत्र थोडक्यात असे : जुन्या दप्तरातील स्त्रीचे नाव हे व्यक्तीचे स्थिर नाव नसून एका विशिष्ट वेळच्या संबंधाचे विधान असते. म्हणून शोध नावाचा न घेता संबंधाचा घ्यावा, आणि त्यासाठी नावाच्या आगेमागे येणारे लहानसे संबंधदर्शक शब्द काळजीपूर्वक वाचावेत.

२. विवाहाचे शब्द

संस्कृत धर्मशास्त्रास स्त्रीचा पुनर्विवाह अपरिचित नव्हता, ह्याची साक्ष त्याची परिभाषाच देते. पुनर्विवाहित स्त्रीला 'पुनर्भू' म्हटले आहे; नारदस्मृतीत पुनर्भूंचे प्रकार सांगितले आहेत. तिच्या पोटी दुसऱ्या पतीपासून झालेल्या पुत्रास 'पौनर्भव' अशी संज्ञा असून मनुस्मृतीतील पुत्रांच्या बारा प्रकारांत त्याची गणना होते. 'परपूर्वा', म्हणजे पूर्वी दुसऱ्याची असलेली, हा शब्दही मनुस्मृतीत येतो. व्यवहारातील मराठीने ह्यांपैकी एकही शब्द घेतला नाही. तिने स्वतःचे शब्द घडविले, आणि ते स्त्रीला नव्हे तर विधीला लावले.

पहिला विवाह तो 'लग्न' आणि नंतरचा तो 'पाट', हा मुख्य भेद होय. 'म्होतूर' किंवा 'मोहतूर' हा 'मुहूर्त' शब्दाचा अपभ्रंश पाटाच्याच अर्थी वापरला जातो. काही ज्ञातींत 'गंधर्व' हा शब्दही ऐकू येतो. म्हणून दप्तरात किंवा वृद्धांच्या बोलण्यात 'लग्नाची बायको' आणि 'पाटाची बायको' असा भेद आला, तर तो बहुधा पुरुषाच्या पत्नींचा क्रम सांगत नसून स्त्रीच्या विवाहाचा क्रम सांगत असतो. पुरुषाची दुसरी बायको कुमारिका असेल, तर ती 'लग्नाची'च असते. उलट पुरुषाची पहिलीच बायको विधवा असेल, तर ती 'पाटाची' असते. हा मुद्दा अनेक वंशावळींत निसटतो आणि 'पाटाची' म्हणजे 'धाकटी' असे समजून भावंडांचा क्रम उलटासुलटा लावला जातो.

पाटाच्या विधीचे तपशीलही वंशशोधकाला उपयोगी पडतात. लग्न दिवसा, चारचौघांत व वाजतगाजत होई. पाट बहुधा रात्री, मोजक्या माणसांच्या उपस्थितीत लागे आणि सवाष्ण स्त्रिया त्या प्रसंगी दूर राहत. वर अविवाहित असेल, तर अनेक ज्ञातींत त्याचे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावीत आणि मग पाट लावीत. एखाद्या कुटुंबात 'आजोबांचे लग्न रुईशी लागले होते' अशी आठवण असेल, तर ती थट्टा समजून सोडून देऊ नये. आजीचा तो पहिला विवाह नव्हता, असे तिच्यातून सूचित होण्याचा संभव आहे. मात्र पुरुषाच्या तिसऱ्या लग्नाच्या वेळीही अर्कविवाह करण्याची चाल होती, तेव्हा तो संभव आधी तपासून घ्यावा लागतो.

विवाह मोडण्याचे शब्दही असेच बोलके आहेत. 'काडीमोड' हा विधीवरून आलेला शब्द. 'सोडचिठ्ठी' हा लेखावरून आलेला. 'फारकत' किंवा 'फारखती' हा शब्द मूळ अरबी-फार्सी असून त्याचा अर्थ मोकळीक दिल्याचा लेख असा आहे. हा शब्द ऋणमुक्तीच्या कागदासही लावला जातो. तेव्हा एखाद्या मोडी कागदाच्या शिरोभागी 'फारखत' दिसली म्हणून ती विवाहविच्छेदाची आहे असे मानू नये. कर्ज फिटल्याची ती पावती असू शकते. कागदातील दोन पक्ष कोण, हे पाहूनच निर्णय करावा.

पाट ही समाजाने डोळ्याआड केलेली गोष्ट नव्हती. राज्यसत्तेलाही ती ठाऊक होती. मराठी राज्यातील करांत लग्नाच्या कराबरोबर 'पाटदाम' हा पाटावरचा करही येतो. मुंबई सरकारसाठी आर्थर स्टील ह्यांनी १८२७ साली दख्खनच्या ज्ञातींच्या चालीरीतींचे जे संकलन केले, त्यात पाटाचे नियम ज्ञातवार नोंदले आहेत. हैदराबाद संस्थानापुरते पाहिले, तर सय्यद सिराज-उल-हसन ह्यांचा निजामाच्या राज्यातील जातिजमातींवरचा १९२० सालचा ग्रंथ निरनिराळ्या ज्ञातींच्या वर्णनात विधवाविवाहाची चाल कशी आहे हे सांगतो. परभणी जिल्ह्यातील कुटुंबाचा अभ्यास करणाऱ्याने दप्तर उघडण्यापूर्वी त्या ज्ञातीचे प्रकरण ह्या ग्रंथात वाचून घ्यावे, म्हणजे कोणत्या शक्यता गृहीत धरावयाच्या हे निश्चित होते.

३. नाव किती बदलते?

पुरुषाचे नाव त्याच्या जन्मापासून मृत्यूपर्यंत दोन संबंधांवर उभे असते : बाप आणि कूळ. स्त्रीच्या नावाचे तसे नाही. माहेरी तिचे नाव एक, सासरी दुसरे, बापाच्या नावाच्या जागी पतीचे नाव, माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचे आडनाव, असे एका विवाहातच तिन्ही घटक पालटू शकतात. विवाह दोन झाले, तर बदल दुप्पट होतात. ह्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या द्वितीय पत्नी. माहेरच्या त्या जोशी. प्रथम विवाहाने गोदूबाई नातू. वैधव्यानंतर पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिक्षण. आणि १८९३ च्या पुनर्विवाहानंतर आनंदीबाई कर्वे, ज्यांना लोक 'बाया' म्हणत. त्यांनी स्वतः 'माझे पुराण' ह्या आत्मवृत्तात आपली कथा सांगितली नसती आणि केवळ सुटे कागद आपल्या हाती आले असते, तर गोदूबाई जोशी, गोदूबाई नातू, आनंदीबाई कर्वे व बाया कर्वे ही एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करण्यास बराच प्रयास पडला असता. ज्यांनी आत्मवृत्त लिहिले नाही अशा सहस्रावधी स्त्रियांच्या बाबतीत हा प्रयास अभ्यासकालाच करावा लागतो.

जुन्या ग्रामीण दप्तरात आडनावही बहुधा नसते. 'अमुक वलद तमुक' एवढीच पुरुषाची नोंद असते. म्हणजे स्त्रीच्या नोंदीत हाती उरतात ते तिचे व्यक्तिनाम आणि एक संबंधशब्द. व्यक्तिनामांचा साठा लहान असतो. गंगाबाई, भागीरथी, सखूबाई, लक्ष्मीबाई ही नावे गोदाकाठच्या प्रत्येक गावात अनेकवार भेटतात. तात्पर्य, ओळख पटविण्याचा सारा भार त्या संबंधशब्दावर पडतो.

४. संबंधदर्शक शब्द

मराठी मुलखाच्या दप्तरांत हे शब्द प्रदेशपरत्वे व राजवटीपरत्वे बदलतात.

'कोम' हा शब्द मुंबई इलाख्यातील मराठी कागदांत 'पत्नी' ह्या अर्थी येतो : राधाबाई कोम गोविंदराव. 'मर्द' हा शब्दही तेथे पतीच्या नावापूर्वी आढळतो. 'जौजे' हा अरबी 'जौजा' (पत्नी) ह्यावरून आलेला शब्द वऱ्हाडात व हैदराबाद संस्थानाच्या उर्दू दप्तरात रूढ आहे. मराठवाड्याच्या मराठी दप्तरात मात्र विशेष प्रचार आहे तो 'भ्रतार' ह्या शब्दाचा. संस्कृत 'भर्तृ' पासून आलेला हा शब्द 'भ्र.' असा संक्षेपाने लिहितात, आणि पुरुषाच्या बाबतीत 'पिता' ह्याचा संक्षेप 'पि.' असा करतात. 'बेवा' म्हणजे विधवा, 'वलद' व 'बिन' म्हणजे पुत्र, 'बिन्त' म्हणजे कन्या. जुन्या मोडी कागदांत 'कबिला' हा शब्द पत्नी वा कुटुंब ह्या अर्थी येतो. विधवेसाठी येणारा 'रांड' हा शब्द त्या काळच्या लेखनात निव्वळ वर्णनपर असून त्यात आजची शिवी वाचू नये.

ह्या शब्दांच्या वाचनात तीन ठिकाणी विशेष सावध राहावे लागते.

पहिले ठिकाण 'कोम' व 'कौम' ह्यांचे. मराठीतील 'कोम' ह्या शब्दाचा संबंध अरबी 'कौम' शब्दाशी लावला जातो. परंतु उर्दू दप्तरात 'कौम' ह्याचा अर्थ जात किंवा समाज असा आहे. उर्दू नोंदीत स्त्रीच्या नावापुढे 'कौम' आले, तर त्यापुढचा शब्द तिच्या पतीचे नाव नसून जातीचे नाव असतो. पश्चिम महाराष्ट्राच्या दप्तरावर हात बसलेला वाचक मराठवाड्यात आला, म्हणजे ही चूक होण्याचा संभव वाढतो. आणि जातीच्या नोंदींचा शोध चालू असताना ही चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते.

दुसरे ठिकाण 'भ्र.' ह्या संक्षेपाचे. पती निवर्तल्यावरही स्त्रीच्या नावापुढे त्याचेच नाव राहते. म्हणून 'भ्र.' ह्या अक्षराने पती हयात होता असे सिद्ध होत नाही. फक्त त्या कागदाच्या दृष्टीने तिचा संबंध त्या पुरुषाशी जोडला होता, एवढेच सिद्ध होते. 'बेवा' हा शब्द अधिक निश्चित आहे. पण तोही पुनर्विवाह झाला नाही असे सांगत नाही, नोंद करणाऱ्याला तो ठाऊक नव्हता किंवा नोंदविण्याची गरज नव्हती, असेही असू शकते.

तिसरे ठिकाण दिराशी झालेल्या पाटाचे. काही ज्ञातींत मृत पतीच्या धाकट्या भावाशी पाट लावण्याची चाल होती, काहींत ती निषिद्ध होती. जेथे ती होती, तेथे स्त्रीचे आडनाव, गाव, घर व सासरा हे सर्व कायम राहतात. बदलते ते 'भ्र.' पुढचे एकच नाव. अशा नोंदी समोर आल्या, की वाचक एक तर दोन जावा कल्पितो, किंवा एकाच पुरुषाची दोन नावे मानून मध्ये 'उर्फ' घालतो. तिसरा पर्याय आधी तपासावा.

मुस्लिम कुटुंबांच्या बाबतीत शोध तुलनेने सुकर होतो. स्त्रीचा पित्याशी असलेला संबंध 'बिन्त' ह्या शब्दाने विवाहानंतरही टिकून राहू शकतो, आणि निकाहाच्या लेखात वधू कुमारी, विधवा की घटस्फोटित ह्याचा उल्लेख करण्याची पद्धत आहे. उर्दूत विधवेच्या पुनर्विवाहास 'अक्द-ए-सानी' असे स्वतंत्र नावच आहे.

येथे युरोपातील एक दाखला उद्बोधक ठरेल. स्कॉटलंडच्या जुन्या कायदेशीर कागदांत विवाहित स्त्रीचा उल्लेख तिच्या माहेरच्या आडनावाने करीत आणि पुढे 'अमक्याची पत्नी' किंवा 'अमक्याची विधवा' असे जोडीत. त्यामुळे तिचे तीन विवाह झाले तरी एक धागा अखंड राहतो. इंग्लंडमध्ये पतीचे आडनाव घेण्याची चाल असल्याने तेथील शोधकाला विवाहनोंदींची साखळी मागे मागे जोडीत जावे लागते. आपल्याकडे स्कॉटलंडप्रमाणे माहेरचे नाव कागदावर नाही, आणि पाटाची इंग्लंडप्रमाणे विवाहनोंदही नाही. म्हणून तो धागा आपल्याला इतर दप्तरांतून विणून काढावा लागतो.

५. परभणीचे दप्तर

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात, असा प्रवास करीत आला. ह्याचे दोन परिणाम शोधकाला जाणवतात. एक म्हणजे लिपी : मोडी, फार्सी लिपीतील उर्दू आणि देवनागरी अशा तिन्ही लिप्यांत एकाच गावाचे कागद सापडतात. उर्दू लिपीतून मराठी नाव पुन्हा देवनागरीत आणताना ऱ्हस्व स्वर गळतात, आणि 'ट' व 'त' किंवा 'ड' व 'द' ह्यांची अदलाबदल होते. तेव्हा एकाच नावाची दोन-तीन वाचने मनात धरूनच शोध करावा. दुसरा परिणाम म्हणजे कालगणना. निजामी दप्तरात फसली वर्ष येते. त्यात ५९० मिळविले असता इसवी सन स्थूलमानाने निघतो, जसे १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. शकाच्या वर्षात ७८ मिळवितात. एकाच कुटुंबाच्या कागदांत दोन्ही गणना आल्यास प्रथम सर्व वर्षे एका गणनेत आणावीत.

जिल्ह्याच्या सीमाही स्थिर राहिल्या नाहीत. १९८१ साली जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका तिकडे गेला. १९९९ साली हिंगोली जिल्हा निराळा झाला आणि हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव हा भाग परभणीतून निघाला. विवाहसंबंध जिल्ह्याच्या सीमा पाळीत नाहीत. जिंतूरच्या स्त्रीचे माहेर सेनगावकडे, पहिले सासर वाशीमकडे आणि दुसरे सेलूकडे असणे अगदी स्वाभाविक आहे. आणि वाशीम हे वऱ्हाडात, म्हणजे १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली असल्याने तिकडचे दप्तर सर्वस्वी निराळ्या पद्धतीचे आहे.

परभणीत उपयोगी पडणाऱ्या मुख्य नोंदी अशा : १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, हक्कनोंद पत्रके, फेरफार नोंदी व सातबारा; १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर; जन्ममृत्यूच्या नोंदी; आणि शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या. निजामी राजवटीचे काही दप्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे. ह्यांखेरीज नाशिक, त्र्यंबकेश्वर व पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. यात्रेकरूच्या नावाखाली त्याच्या भावांची, मुलांची, क्वचित आईची नावे त्यांत मिळतात.

ह्या प्रत्येक दप्तराला स्त्रीचा एकेक पैलू दिसतो. जमिनीच्या कागदाला ती हक्कदार म्हणून दिसते. १९५१ च्या रजिस्टराला घरप्रमुखाशी असलेल्या नात्याने दिसते. शाळेच्या वहीला ती बहुधा दिसतच नाही, पण तिचा मुलगा दिसतो. म्हणून कोणतीही एक नोंद पुरेशी नाही, आणि दोन नोंदींतील विसंगती ही चूक असण्यापेक्षा पुनर्विवाहाची खूण असण्याचा संभव अधिक लक्षात घ्यावा.

घरातील पुरावाही ह्यांत मोडतो. देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात. पुरुषाच्या पहिल्या पत्नीचा टाक दुसरीने पुजण्याची, किंवा तिची प्रतिमा गळ्यात बांधण्याची चाल सर्वश्रुत आहे. त्याचप्रमाणे पाटाने आलेल्या स्त्रीच्या पूर्वपतीची शांती करण्यासाठीही काही घरांत असा टाक ठेवलेला असतो. ज्या टाकाचा 'हा कोण?' ह्या प्रश्नास घरचे लोक उत्तर देऊ शकत नाहीत आणि जो कुळाच्या पुरुषांच्या यादीत बसत नाही, त्याच्याविषयी हा प्रश्न विचारून पाहावा.

६. नोंदी जुळविण्याची रीत

रीत स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, १९५४-५५ च्या खासरा पत्रकात 'अ' गावी एका शेतावर 'गंगाबाई भ्र. रामजी' अशी पट्टेदार आहे. १९५१ च्या रजिस्टरात 'अ' गावी ती नाही; मात्र 'ब' गावी सखाराम ह्या घरप्रमुखाची पत्नी म्हणून एक गंगाबाई, वय ३५, आणि त्याच घरात मारोती, वय १२, असा मुलगा आहे. 'ब' गावच्या शाळेच्या वहीत १९४६ साली 'मारोती रामजी' असे नाव असून पालक म्हणून सखारामचे नाव आहे.

वर्षांच्या क्रमाने ह्या नोंदी मांडल्या, तर गंगाबाई १९५१ मध्ये सखारामची पत्नी आणि १९५४ मध्ये रामजीची पत्नी असा विपरीत क्रम दिसतो, आणि वाचक दोन गंगाबाई कल्पून मोकळा होतो. येथेच पहिला नियम उपयोगी पडतो : नोंदवहीचे वर्ष हे संबंधाचे वर्ष नव्हे. जमिनीच्या कागदात नाव एकदा चढले, की फेरफार होईपर्यंत ते तसेच उतरवले जाते. १९५४ चे 'भ्र. रामजी' हे रामजीच्या मृत्यूनंतर केव्हातरी वारसाने चढलेले नाव असून ते पुढे तसेच राहिले, असे मानल्यास तिन्ही नोंदी एका क्रमात बसतात : रामजीशी लग्न, मारोतीचा जन्म, रामजीचा मृत्यू, १९४६ पूर्वी सखारामशी पाट.

परंतु ही अजून उपपत्ती आहे, सिद्धी नव्हे. दुसरा नियम असा, की दोन नोंदींतील स्त्री एकच आहे हे नावाने ठरवू नये. नावाखेरीज किमान दोन स्वतंत्र धागे जुळावेत. मारोतीचे नाव व त्याच्या बापाचे नाव हा एक धागा झाला. 'अ' गावच्या शेताचा पुढील फेरफार 'मारोती पि. रामजी' ह्याच्या नावे झालेला आढळला, तर दुसरा धागा जुळतो आणि निष्कर्ष दृढ होतो. तो फेरफार दुसऱ्याच कोणाच्या नावे गंगाबाईची वारस म्हणून झाला असेल, तर उपपत्ती मागे घ्यावी लागेल.

तिसरा नियम : शोधाचा केंद्रबिंदू माहेर असावे. पती पालटतो, आडनाव पालटते, कधी व्यक्तिनामही पालटते. बाप व भाऊ पालटत नाहीत. पाट ठरविण्यात माहेरचा हात असे, विधवा बहुधा माहेरी परते, आणि पुनर्विवाह तेथूनच होई. मुलाच्या मामाचे गाव कोणते, हा प्रश्न म्हणून फार मोलाचा आहे. दोन निरनिराळ्या बापांच्या मुलांना एकच मामा असेल, तर त्यांची आई एक असण्याची शक्यता तपासावी. गावोगावी वृद्ध स्त्रियांशी बोलताना 'तिचा पहिला नवरा कोण?' असे विचारण्यापेक्षा 'तिचे माहेर कोणते? तिला बोळवायला कोण येई?' असे विचारावे. पहिला प्रश्न संकोच निर्माण करतो, दुसरा आठवण जागी करतो.

७. मिळकतीचा पुरावा

पाट हा विवाह म्हणून नोंदला जात नसला, तरी त्याच्या आधी व नंतर मिळकतीची हालचाल होते आणि ती कागदावर येते. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाहास कायदेशीर मान्यता दिली, परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पूर्वपतीच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात आणला. ज्या ज्ञातींत पाट पूर्वापार मान्य होता, त्यांनाही हे कलम लागू होते काय, ह्याविषयी निरनिराळ्या उच्च न्यायालयांत मतभेद झाले. मुंबईने ते लागू मानले, अलाहाबादने मानले नाही.

ह्या परिस्थितीचे सुपरिचित उदाहरण म्हणजे डॉ. रखमाबाई ह्यांच्या मातुःश्री जयंतीबाई. सुतार ज्ञातीतील जयंतीबाईंना पहिले पती जनार्दन पांडुरंग ह्यांच्यापासून १८६४ साली रखमाबाई ही कन्या झाली. त्या लवकरच विधवा झाल्या आणि काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्याशी त्यांनी पुनर्विवाह केला. विवाहापूर्वी पूर्वपतीकडून आलेली मिळकत त्यांनी कन्येच्या नावे करून दिली. वंशशोधकाने येथून हे घ्यावयाचे, की तरुण विधवेने अज्ञान अपत्याच्या नावे केलेले हस्तांतर हे पुढे होणाऱ्या पुनर्विवाहाचे पूर्वचिन्ह असू शकते.

पुढे १८८४ साली रखमाबाईंवर त्यांचे पती दादाजी भिकाजी ह्यांनी वैवाहिक हक्कांसाठी लावलेला दावा प्रसिद्धच आहे. १८८८ साली त्याचा आपसांत निकाल झाला आणि रखमाबाई इंग्लंडमध्ये वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे ते त्यांचे नाव. दाव्याच्या शीर्षकात त्या नुसत्या 'रखमाबाई' आहेत. आजच्या लेखनात त्या कोठे 'रखमाबाई जनार्दन सावे' अशा येतात, तर कोठे 'रखमाबाई राऊत' अशा. पहिल्या रूपात जन्मदाता पिता आहे. दुसऱ्यातील आडनाव सावत्र पित्याकडचे आहे. आईच्या पुनर्विवाहाची छाया मुलीच्या नावावर अशी दीडशे वर्षे टिकून राहते, आणि तीही इतक्या नामवंत स्त्रीच्या बाबतीत.

परभणीच्या अभ्यासकाने येथे एक विवेक राखावा. १८५६ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. निजामाच्या राज्यातील कागद वाचताना तो आपोआप लागू होता असे धरू नये, ज्ञातीची रूढी व प्रत्यक्ष कागद पाहावेत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर चित्र पालटले. ह्या कायद्याने एका पित्याची भिन्न मातांची संतती आणि एका मातेची भिन्न पतींची संतती असे दोन्ही संबंध स्वतंत्रपणे ओळखले आहेत. स्त्रीला पतीकडून आलेली मिळकत ती निःसंतान वारल्यास त्या पतीच्या वारसांकडे, आणि पित्याकडून आलेली पित्याच्या वारसांकडे जाते, हा ह्या कायद्याचा नियमही शोधकास उपयोगी आहे. कारण त्यामुळे वारसाच्या अर्जात तिचे सासर व माहेर दोन्ही नोंदविणे भाग पडते.

८. 'सावत्र' ह्या शब्दाची मर्यादा

कायद्याने जो भेद केला, तो मराठी भाषेने केलेला नाही. 'सावत्र' हा शब्द संस्कृत 'सापत्न' ह्याच्या कुळातला, म्हणजे मुळात सवतीशी निगडित आहे. एका पुरुषाच्या दोन पत्नी ही कल्पना त्याच्या व्युत्पत्तीतच आहे. एका स्त्रीच्या दोन पतींची मुले परस्परांची कोण, हे सांगण्यासाठी मराठीने तोच शब्द ताणून वापरला : सावत्र बाप, सावत्र भाऊ. दुसरेपणी लग्न करणाऱ्या पुरुषाला 'बिजवर' हा सुटसुटीत शब्द आहे. पाटाच्या स्त्रीचा उल्लेख मात्र विधीच्या आधारानेच करावा लागतो.

ह्याचा व्यवहारी परिणाम असा, की कोणी 'ते आमचे सावत्र चुलते' असे सांगितले, तर त्यातून आजोबांच्या दोन बायका की आजीचे दोन नवरे, हे कळत नाही. पहिल्या अर्थी ते चुलते पितृवंशात येतात. दुसऱ्या अर्थी येत नाहीत. वंशावळ लिहिणाऱ्याने 'सावत्र' हा शब्द कधीही तसाच उतरवून घेऊ नये. 'आई एक की बाप एक?' हा प्रश्न तेथल्या तेथे विचारावा. एवढ्या एका प्रश्नाने कितीतरी चुका टळतील.

९. समारोप

वंशावळीच्या मांडणीत काही सुधारणा लगेच करण्याजोग्या आहेत. प्रत्येक स्त्रीला वंशवृक्षात एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो तिच्या सर्व विवाहांत कायम ठेवावा. तिचे मुख्य नाव माहेरचे धरून सासरची नावे कालक्रमाने खाली द्यावीत. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या दप्तरातून आले, मूळ संबंधशब्द कोणता आणि नोंदीचे वर्ष कोणते, हे लिहावे, 'भ्र.' आहे तेथे 'पत्नी' असे भाषांतर करून मूळ शब्द पुसू नये. अपत्यापुढे जन्मदाता पिता व पालक पिता निरनिराळे लिहावेत. आणि जेथे पुरावा एकाच धाग्याचा आहे, तेथे रेषा तुटक काढावी.

महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या अपत्याच्या नावात आईचे नाव लिहिणे शासकीय कागदपत्रांत आवश्यक झाले आहे. पुढच्या पिढ्यांच्या वंशशोधकाचे काम त्यामुळे सुकर होईल. मागच्या पिढ्यांच्या बाबतीत मात्र ते काम आपणासच करावयाचे आहे, आणि त्यात भाषाभ्यासकाचा वाटा मोठा आहे. मराठवाड्याच्या तिन्ही लिप्यांतील दप्तरात येणाऱ्या संबंधदर्शक शब्दांचा, त्यांच्या संक्षेपांचा व तालुकावार अर्थभेदांचा एक कोश तयार झाला, तर तलाठ्यापासून संशोधकापर्यंत सर्वांना तो हाताशी राहील. गंगाखेडची जनाबाई आजही नामदेवांची दासी ह्याच संबंधाने ओळखली जाते. तिच्या नावाने तिचे अभंग राहिले, म्हणून ती हरवली नाही. ज्यांच्या मागे अभंग नाहीत, त्यांच्या मागे एखाद्या खासरा पत्रकात 'भ्र.' एवढे एक अक्षर आहे. ते नीट वाचणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एखाद्या प्रबंधास सहज पुरेल असे कार्य आहे.